थंडीतला बूट: आधी माप, मग जाडी

प्रश्न: आम्ही चौघे मित्र जानेवारीत उत्तराखंडात केदारकंठाला चाललोत. बर्फ पहिल्यांदाच बघणार. मला ८ नंबर लागतो, पण पंजा रुंद आहे. जन्मभर चपलाच घातल्या. परभणीतला दुकानदार म्हणतो, फिट्ट घ्या, वापरून सैल होतो. जाऊन आलेला एक मित्र म्हणतो, दोन नंबर मोठा घे अन् तीन मोजे घाल. मावसभावाचे चामड्याचे बूट सहा वर्षांपासून माळ्यावर पडून आहेत, ते फुकट मिळतात. नवीन घ्यायचे तर चार हजारांच्या वर जमणार नाही. दुसरं म्हणजे, वडील रात्रीच्या लाईटवर गव्हाला दारं धरायला जातात. गमबूट आणून दिले तरी पायाची बोटं बधिर होतात म्हणतात. त्यांच्यासाठी काय करावं?
– एक वाचक, सेलू तालुका

उत्तर: दुकानदाराचं ऐकलंत तर बोटं गारठतील, मित्राचं ऐकलंत तर उतरताना नखं काळी पडतील. माळ्यावरचे बूट तर नकोच; का ते पुढे सांगतो.

बूट स्वतः ऊब तयार करत नाही. ऊब येते पायात फिरणाऱ्या रक्तातून. मोजे आणि बूट ती धरून ठेवतात, तेही धाग्यांत अडकलेल्या हवेच्या जोरावर. बूट आवळून बसला की दोन्हीकडून नुकसान होतं: बोटांकडे जाणारं रक्त कमी होतं आणि मोजा चेपून त्यातली हवा निघून जाते. वर्षानुवर्षं अंथरून चपटी झालेली गोधडी ऊब धरत नाही, तसंच. त्यामुळे साध्या बुटात मोकळी हलणारी बोटं गरम राहतात आणि महागड्या अस्तराच्या बुटात आवळलेली बोटं बधिर होतात. तीन मोज्यांचा सल्ला फसतो तो इथेच. बूट तोच ठेवून एक मोजा वाढवला, तर बहुतेक वेळा थंडी वाढते.

तेव्हा आधी माप घ्या, आणि संध्याकाळी घ्या. दिवसभर उभं राहून, चालून पाय फुगतो. ट्रेकवरही फुगणारच आहे. ट्रेकला जे मोजे घालणार तेच घाला. कागद भिंतीला टेकवून ठेवा, टाच भिंतीला लावा, सगळा भार त्या पायावर द्या आणि दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल उभी धरून सगळ्यात लांब बोटापुढे खूण करायला सांगा. स्वतः वाकून खूण केली तर भार सरकतो आणि माप चुकतं. लांब बोट म्हणजे अंगठाच असं नाही. कित्येकांचं शेजारचं बोट अंगठ्यापुढे असतं. माप दोन्ही पायांचं घ्यायचं आणि जो पाय मोठा त्याचं धरायचं. चवडा जिथे सगळ्यात रुंद आहे तिथली रुंदीही लिहून ठेवा.

आता हिशेब. समजा मोठा पाय २६२ मिलिमीटर भरला. बुटाच्या आतली लांबी त्याहून १२ ते १५ मिलिमीटर जास्त हवी, म्हणजे साधारण बोटभर. आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश नंबरांत एका नंबराचा फरक एक तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर असतो. युरोपीय नंबरांत तोच फरक पावणेसात मिलिमीटरच्या आसपास पडतो. मित्र सांगतो ते दोन नंबर म्हणजे नेहमीच्या बुटावर आणखी १७ मिलिमीटर! एवढ्या जागेत उतरणीला पाय पुढे घसरतो, नखं बुटाच्या नाकावर आपटतात आणि टाच वरखाली होऊन तिथे फोड येतो. बहुतेकांना नेहमीच्या स्पोर्ट्स शूजपेक्षा अर्धा, फार तर एक नंबर वाढवून पुरतो. पण खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. तोच ८ नंबर एका कंपनीत ४२ म्हणून येतो, दुसऱ्या कंपनीत साडेबेचाळीस. दुकानात जाताना नंबर नाही, मिलिमीटर घेऊन जा.

तुमची खरी अडचण रुंदीची आहे, आणि ती तुमच्या एकट्याची नाही. लहानपणापासून अनवाणी किंवा चपलेत वावरलेल्या पायाची बोटं पसरलेली असतात, तर पुष्कळ ट्रेकिंग बुटांचा साचा अरुंद युरोपीय पायावर बेतलेला असतो. करंगळी दाबली जाते म्हणून लोक नंबर वाढवतात. ते करू नका. नंबर वाढवला की बूट लांब होतो आणि तो वाकण्याची जागा पुढे सरकते. तुमचा चवडा वाकतो एका ठिकाणी, बूट वाकतो दुसऱ्या, आणि बोटांवर आडवी घडी चावत राहते. रुंदीसाठी मॉडेल बदलायचं, नंबर नाही. पुढून गोल आणि पसरट असलेलं मॉडेल मागा. टोकाशी निमुळतं असेल तर पायात घालून बघण्याचेही कष्ट घेऊ नका.

दुकानात पहिलं काम: बुटातला सुखतळा बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि मोजा घालून त्यावर उभे राहा. पुढे १२ ते १५ मिलिमीटर जागा उरली पाहिजे आणि पंजा दोन्ही बाजूंनी सुखतळ्याच्या आत राहिला पाहिजे. मांस काठावरून बाहेर येत असेल तर तो बूट परत द्या, किंमत कितीही उतरवली तरी. सुखतळा पुन्हा घालून, नाडी न बांधता पाय पुढे ढकला, बोटं टेकू द्या. टाचेमागे एक बोट सहज शिरलं पाहिजे. दोन शिरत असतील तर बूट मोठा आहे. मग टाच मागे ठोकून बसवा, नाडी बांधा आणि चाला. टाच बुटात चार-पाच मिलिमीटरहून जास्त उचलली जाता कामा नये. टाच घट्ट, मधला भाग घट्ट, बोटं मोकळी, असा बूट हवा. बोटं आत हार्मोनियम वाजवल्यासारखी हलली पाहिजेत.

शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची परीक्षा उतरणीची. दुकानात उतरता फळा असेल तर त्यावरून तोंड खाली करून उतरा. नसेल तर जिन्याच्या पायरीवर टाच आत ठेवून चवडा कडेबाहेर काढा आणि भार पुढे द्या. नंतर बुटाचं नाक जमिनीवर तीन-चार वेळा ठोका. एकदा जरी नख आत टेकलं तरी नापास. बूट पायात किमान १५-२० मिनिटं राहू द्या. दुकानदाराला घाई असली तर असू द्या. पाच मिनिटांत जे टोचत नाही ते विसाव्या मिनिटाला टोचतं. आणि “वापरून सैल होतो” हे ऐकून घट्ट बूट घेऊ नका. चामडं रुंदीत थोडं सैलावतं, लांबीत वाढत नाही. कृत्रिम कापड आणि पाणीरोधक पडदा असलेले बूट तर जवळपास काहीच सैलावत नाहीत.

केदारकंठाचा बेस सांक्री गाव साधारण ६,४०० फुटांवर आहे, शिखर साडेबारा हजारांच्या आसपास. जानेवारीत वाटेवर बर्फ असतो, रात्री पारा शून्याखाली पाच-दहा अंशांपर्यंत जातो, शिखराची चढाई पहाटेच्या अंधारात सुरू होते. तरीही तुम्ही दिवसभर चालणार, चढताना घामही गाळणार. म्हणून आत जाड फरचं अस्तर असलेला फुगीर स्नो बूट नको. त्यात टाच धरली जात नाही आणि घामाने मोजा भिजतो. घोट्याच्या वर येणारा, पाणी न शिरणारा, एका पायाला पाचशे ते सातशे ग्रॅम भरणारा ट्रेकिंग बूट पुरेसा आहे. तळ रबराचा आणि त्याच्या खाचा चार-पाच मिलिमीटर खोल असाव्यात. टाच आणि नाक दोन हातांत धरून बूट पिळून पाहा. सहज पीळ बसला तर बर्फावर घोटा सांभाळणार नाही. वाकवला तर चवड्यापाशीच वाकला पाहिजे, मधोमध नाही. मऊ तळाचा आणखी एक तोटा: बर्फावर बुटाखाली काटेरी साखळी चढवतात, ती वाकणाऱ्या बुटावरून निसटते. ही साखळी आणि पोटरीला बांधायचं गेटर सांक्रीत भाड्याने मिळतात, तिथेच घ्या. गेटर टाळू नका. पाणीरोधक बुटातही बर्फ वरच्या तोंडातून आत जातो. बूट मात्र भाड्याचे घेऊ नका, ते दुसऱ्याच्या पायाला बसलेले असतात.

चार हजारांत असा बूट मिळतो. परभणीत मॉडेल मोजकेच असतील. एखादा रविवार काढून छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या दुकानात जा. ऑनलाइन मागवायचे असतील तर परत घेण्याची अट आधी वाचा आणि पसंत पडेपर्यंत घरात पुसलेल्या फरशीवरच घाला. मित्रांपैकी कुणी वाळूजच्या कंपनीत मिळालेले सेफ्टी शूज नेणार असेल तर त्याला थांबवा. नाकातली पोलादी टोपी उतरताना बोटांना जराही जागा देत नाही.

आता मावसभावाचे बूट. चामडं चकचकीत दिसेलही. प्रश्न तळाचा आहे. पुष्कळ बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा फेस असतो. हवेतल्या ओलाव्याने तो आतून कुजतो, आणि बूट वापरात नसला तरी कुजतो. त्यात पत्र्याखालच्या माळ्यावर सहा उन्हाळे, म्हणजे तळ चिकटवणारा डिंकही सैल. असा बूट घरात ठणठणीत वाटतो आणि दुसऱ्या दिवशीच्या चालीत तळ अख्खा सुटून येतो. खात्री करायची असेल तर तळाच्या कडेला अंगठ्याने जोरात दाबा. खळगा तसाच राहिला, भुगा पडला किंवा बारीक भेगा दिसल्या तर बूट संपला. समजा तळ धड निघाला, तरी त्यातला सुखतळा मावसभावाच्या पायाचा ठसा घेऊन बसलेला आहे.

मोज्यांवर बुटाइतकंच लक्ष द्या. शाळेचे सुती मोजे घरी ठेवा. सूत घाम पितं, धरून ठेवतं आणि गार पडतं. आत पातळ कृत्रिम धाग्याचा मोजा आणि वर लोकरीचा जाड मोजा, एवढे दोनच. चालण्यासाठी अशा दोन जोड्या, आणि झोपताना घालायला एक कोरडी लोकरी जोडी, जी तंबूबाहेर वापरायचीच नाही. हिवाळ्यात आपल्या गावांत स्वेटरवाले बसतात, त्यांच्याकडे “प्युअर वूल” म्हणून मिळणारे मोजे पुष्कळदा ॲक्रिलिकचे असतात. एक धागा काढून जाळून पाहा. लोकर केस जळल्याचा वास देते आणि राख बोटांत चुरते. ॲक्रिलिक वितळून टोकाला कडक मणी होतो. थोडं मिश्रण चालेल, निम्मी तरी लोकर हवी. वरचं इलॅस्टिक पोटरीत रुतून वळ उठवत असेल तर तो मोजा नको, तोही रक्त अडवतो.

नाडी सरसकट एकाच ताणाने बांधू नका. बोटांवरच्या भोकांत सैल ठेवा. पायाचा उंचवटा जिथे संपतो आणि घोटा सुरू होतो तिथे दोन्ही नाड्या एकमेकींभोवती एकाऐवजी दोनदा पिळून ओढा. त्या पिळामुळे खालचा सैलपणा आणि वरचा ताण आपापल्या जागी राहतो. उतरायला लागण्याआधी थांबून वरचा भाग पुन्हा आवळायचा, टाच मागे ठोकून. हे अर्ध्या मिनिटाचं काम लोक टाळतात आणि संध्याकाळी नखं चोळत बसतात.

निघण्याआधी चार-पाच आठवडे तरी बूट हातात असू द्या. पहिले तीन-चार दिवस घरात तासभर, मग बाहेर, मग पाठीवर सात-आठ किलोंची सॅक घेऊन. एकूण ३०-४० किलोमीटर चालणं झालं पाहिजे, आणि त्यात उतार हवा. सेलू-परभणीकडे उतार शोधायचा म्हणजे रेल्वेचा उड्डाणपूलच! त्यावर दहा फेऱ्या मारा. एखाद्या रविवारी औंढा नागनाथच्या डोंगराकडे किंवा देवगिरी किल्ल्यावर जा. पहाटे दव पडलं असताना बांधावरच्या गवतातून अर्धा तास चाललात तर बूट पाणी धरतो का तेही कळेल. हरभऱ्यातून मात्र नको, बुटाला आंब लागेल आणि वर शेतमालकाच्या शिव्या बसतील. चालताना जिथे गरम, चुरचुरल्यासारखं वाटेल तिथे तेव्हाच थांबून कापडी चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावलेल्या पट्टीचा उपयोग फार थोडा. नखं निघण्याच्या तीन-चार दिवस आधी सरळ रेषेत कापा, कडा गोल कोरू नका.

मुक्कामावर पोचलात की आधी मोजे बदला, चहा नंतर. सुखतळा काढून वेगळा वाळवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरा, ओले झाले की बदला. शेकोटीजवळ बूट ठेवू नका: डिंक सुटतो, चामडं तडकतं. रात्री बूट बाहेर ठेवले तर सकाळी लाकूड होतात. प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्लीपिंग बॅगच्या पायथ्याशी घ्या. चालताना बोटांना मुंग्या आल्या तर नाडी सैल करा आणि बोटं हलवत राहा. मुंग्याही थांबून बोट पांढरं, मेणचट आणि बधिर पडलं तर लगेच ट्रेक लीडरला सांगा. ते चोळू नका, बर्फाने तर मुळीच नाही. आगीजवळही धरू नका. कुणाच्या काखेत किंवा पोटाशी धरून ऊब द्या. आणि तंबाखू मळायची सवय असेल तर त्या चार दिवसांत तिला रजा द्या. निकोटिनने बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात.

वडिलांचं दुखणं वेगळं आहे. विहिरीचं पाणी पहाटे उलट कोमट लागतं. बोटं गारठतात ती घामाने आणि उभं राहण्याने. पीव्हीसीच्या गमबुटातून वाफ बाहेर जात नाही, सुती मोजा आतल्या आत भिजतो, आणि एकेक वाफा भरेपर्यंत माणूस फावड्याला टेकून एका जागी उभा असतो. तेव्हा तळातून येणारी थंडी अडवा. घरात जुनी घोंगडी असेल तर तिचे दोन थर पायाच्या आकाराचे कापून कडेने शिवून घ्या. अशा दोन जोड्या करा. एक बुटात, एक उन्हात. वर लोकरीचा एकच मोजा, आणि मध्यरात्री बदलायला दुसरा कोरडा खिशात.

हे सगळं घालायचं तर बूट त्या मापाचा हवा, आणि गमबुटाला सहसा अर्धा नंबर नसतो. म्हणून घोंगडीचा तळ आणि मोजा बरोबर नेऊनच बूट घाला. एक नंबर वाढवावा लागेल, पण दोन नको: काळ्या रानात चिखल बूट ओढून धरतो, आणि सैल बूट तिथेच रुतून मोजा तेवढा बाहेर येतो. दुकानात एका पायाने दुसऱ्या बुटाची टाच दाबून धरा आणि पाय उचला. टाच थोडी उचलली तर चालेल, पाय सरसर निघाला तर नाही. पोटरीपाशी दोन बोटं जाण्याइतकीच ढिलाई असावी. परवडलं तर रबराचा घ्या, पीव्हीसी थंडीत कडक होतं. दिवसा बूट खुंट्यांवर उलटे टांगा, घालण्याआधी झटका; विंचवाला अंधारी ऊब आवडते. एक गोष्ट त्यांना बजावून सांगा: साधा गमबूट वीज अडवायला बनवलेला नसतो, म्हणून ओल्या हातांनी स्टार्टरला हात लावायचा नाही.

हे सगळं करूनही बधिरपणा गेला नाही, दिवसा उन्हातसुद्धा राहिला, तर बूट बदलत बसू नका. त्यांच्या रक्तातली साखर तपासून घ्या. तोवर त्यांना शेकोटीवर पाय धरू देऊ नका, बधिर पायाला चटका कळत नाही.